डोरीनच्या जागी

"डोरीन, बघ कोण आलंय," वॉल्टरने दाराकडे तोंड करून हाक मारली, आणि त्यांच्या गाडीच्या पायऱ्या उतरून जी बाई बाहेर आली ती डोरीन नव्हती.

मी अजून आमच्या गाडीतून धड उतरलेही नव्हते. एक पाय पायरीवर, एक वाळूत. विनिपेगहून निघून सहा दिवस झाले होते, कंबर आखडली होती. त्या बाईने हसून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "प्रवास कसा झाला, कुमुद?"

"बरा झाला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

याला आता चौदा वर्षं होऊन गेली. आम्ही दोघं तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, आणि माझे यजमान बेलसरे (चारचौघांत मी त्यांना आडनावानेच संबोधते) वीज कंपनीत इंजिनियर होते. निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी आरव्ही घेतली. चाकांवरचं घरच ते, आत पलंग, शेगडी, न्हाणी सगळं. दर हिवाळ्यात विनिपेगची थंडी मागे टाकून आम्ही मेक्सिकोच्या समुद्रकाठी यायचो. आमच्यासारख्यांना तिकडे बर्फपाखरं म्हणतात. वाळूत आखलेल्या साठेक जागा, प्रत्येक जागेला विजेचं बटण आणि पाण्याचा नळ, मध्ये झावळ्यांचा मोठा मांडव. सगळी पांढऱ्या केसांची मंडळी. आमची जागा आणि वॉल्टर-डोरीनची जागा सात हिवाळे शेजारी शेजारी होती. ते आमच्या शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातले गव्हाचे शेतकरी. डोरीन दांडगी बाई, खांदे पुरुषासारखे, हसली की चार गाड्यांपलीकडे ऐकू जायचं. माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी तिने पहिल्याच वर्षी मागून मागून खाल्ली होती.

ही बाई माझ्याएवढीच होती. चण बारीक, आवाज हळू. नाक आणि कपाळ मात्र डोरीनचं. म्हणजे डोरीनच कोणीतरी धुऊन आटवली असावी, अशी.

पाणी-वीज जोडून झाल्यावर मी आत बेलसऱ्यांना विचारलं, "अहो, डोरीन तुम्हाला कशी वाटली?"

"बारीक झाली."

"तुम्हाला ती डोरीनच वाटली?"

ते चहाचं आधण टाकत होते. वळून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"काही नाही. बारीक झाली म्हणते."

मी तिथेच थांबले, त्याला कारण होतं. त्याच ऑगस्टमध्ये मला पक्षाघाताचा सौम्य झटका आला होता. तोंड जरा वाकडं झालं, दोन दिवस शब्द सापडेनात, मग सगळं जागेवर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "प्रवास करा, पण काही विचित्र वाटलं तर लगेच कळवा. शब्द अडले, तोल गेला, ओळखीचे चेहरे ओळखू आले नाहीत." शेवटची गोष्ट त्यांनी सहज सांगितली होती. मी मात्र घरी येऊन त्यावर वाचलं. काही लोकांना म्हणे झटक्यानंतर आपलंच माणूस परकं वाटायला लागतं. चेहरा तोच दिसतो, पण हे आपलं माणूस नव्हे, त्याच्या जागी कोणी दुसरंच येऊन बसलंय, अशी खात्रीच होते. बाकी डोकं अगदी शाबूत असतं.

हे बेलसऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी उलटी फिरवली असती. मग पुढच्या वर्षी येणं नाही, गाडी विकायची, आणि पाच महिने खिडकीतून बर्फ बघायचा. म्हणून मी गप्प बसले आणि स्वतःची परीक्षा घ्यायला लागले.

मांडवात जाऊन एकेकाला ओळखून बघितलं. गॉर्डन, त्याची बायको फिलिस, ऑफिसात बसणारी लुपिता, कोळंबी विकायला येणारा डॉन चेमा. सगळे ओळखू येत होते, नावानिशी. फक्त डोरीन तेवढी येत नव्हती.

आणि सगळे तिला डोरीनच म्हणत होते. लुपिता पत्रं वाटताना म्हणायची, "सेन्योरा डोरीन." गॉर्डन म्हणायचा, "डोरीन, उद्या पत्ते खेळायला येणार का?" खरी डोरीन पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की हसायची. ही खाली मान घालून नियमाने खेळायची आणि हरायची. कोणी काही बोलायचं नाही.

एकदा कपडे वाळत घालताना फिलिस माझ्याजवळ आली. माझा दंड दाबून हलक्या आवाजात म्हणाली, "डोरीन किती छान करतेय ना सगळं?"

"हो," मी म्हटलं.

"आपण सगळ्यांनी सांभाळून घ्यायला हवं."

मला वाटलं, हिला माझ्याबद्दल कळलंय. मला सांभाळून घ्यायचं म्हणतेय. मी चिमटे तसेच टाकून आत आले, आणि आरशासमोर उभी राहून स्वतःचं तोंड वाकडं तर नाही ना ते बघत बसले.

रात्री पडल्या पडल्या मी मनात एकच गोष्ट घोळवायची. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे बाहेर कोणाला काही कळत नव्हतं. पण मी मनात बोलते मराठीत. डोरीनला मी मनातही 'तू' म्हणायची. या बाईला मनात बोलताना आपोआप 'तुम्ही' यायचं. मी जोर लावून 'तू' म्हणून बघितलं, जमलं नाही. म्हटलं, डोकं बिघडलं असेल तर ते इतकं व्यवस्थित कसं बिघडेल?

वॉल्टरही बदलला होता, पण तो वॉल्टर होता. ऐंशी गाठलेला, उंच, जरा वाकलेला. एकच गोष्ट दोनदा सांगायचा, टोपी शोधायचा. ती बाई सतत त्याच्या मागे असायची. औषध, मफलर, चष्मा. "डोरीन," तो हाक मारायचा, आणि "हं," ती म्हणायची. दर वेळी हाक आणि हं यांच्यामध्ये एक क्षण जायचा. तो क्षण मीच मोजत होते बहुतेक.

नाताळच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. ती त्यांच्या गाडीसमोर खुर्ची टाकून बटाटे सोलत होती. मी समोर बसून लसूण सोलत होते. संध्याकाळी मांडवात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

डोरीनच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. तरुणपणी मळणीयंत्रात गेलं होतं. ती ते सगळ्यांना दाखवायची, लहान मुलांना घाबरवायची. हे मी विसरलेच होते. सात वर्षं बघून बघून ती करंगळी इतकी सवयीची झाली होती की आठवणीतून गेलीच होती.

समोर डाव्या हाताची करंगळी अख्खी होती. नखासकट.

मी उठले आणि तिचा हात धरला. सुरी खाली पडली. "तुम्ही डोरीन नाही," मी म्हटलं. माझा आवाज मोठा होता. इतक्या दिवसांची भीती त्यातून बाहेर आली. "डोरीनला ही करंगळी नव्हती. तुम्ही कोण आहात? डोरीन कुठे आहे?"

ती पांढरीफटक पडली. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. मी वळले. वॉल्टर पायऱ्यांवर उभा होता, हातात कॉफीचा कप. त्याने तो कप सावकाश पायरीवर ठेवला, वळला आणि आत गेला. आम्हाला तसं वाटलं तरी.

"तुला कोणी सांगितलं नाही?" ती कुजबुजली. "फिलिसने तुला पत्र पाठवलं होतं ना?"

"कसलं पत्र?"

मग तिने सांगितलं. डोरीन जुलैमध्ये गेली. शेतावरच, हृदयविकाराने, टोमॅटो तोडता तोडता. ही तिची धाकटी बहीण, हेझल. लग्न केलेलं नाही, गावच्या वाचनालयात जन्म काढला. वॉल्टरचं विसरणं आधीच सुरू झालं होतं, ते डोरीनने लपवून ठेवलं होतं. ती गेल्यावर तो रोज सकाळी विचारायचा, डोरीन कुठे आहे. रोज सांगावं लागायचं. आणि रोज तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडायचा. एके दिवशी त्याने हेझललाच डोरीन म्हणून हाक मारली. ती "हं" म्हणाली. त्या दिवशी तो रडला नाही.

"नोव्हेंबरात आलो तेव्हा मी मांडवात सगळ्यांना हात जोडून सांगितलं. तुम्ही दोघं तेव्हा आला नव्हता. फिलिस म्हणाली, ती कळवते."

आमची मुलगी टोरांटोला बाळंत झाली होती, म्हणून आम्ही महिनाभर उशिरा निघालो होतो. आणि फिलिसने ईमेल पाठवला होता आमच्या जुन्या पत्त्यावर. हे नंतर कळलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायची आजही लाज वाटते. डोरीन मेली हे ऐकून आधी मला हायसं वाटलं. माझं डोकं ठीक होतं.

"वॉल्टर," हेझलने हाक मारली. उत्तर नाही. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. गाडीला मागच्या बाजूला दुसरं दार होतं. ते उघडं होतं.

बेलसरे आणि गॉर्डन मोटार घेऊन हमरस्त्याकडे गेले. हेझल मांडव, न्हाणीघरं, एकेक गाडी बघत पळत सुटली. मी समुद्राकडे गेले. डावीकडे अर्ध्या मैलावर काळे सपाट खडक होते. ओहोटीला ते उघडे पडायचे आणि डोरीन-वॉल्टर तिथे जाऊन बसायचे. भरती आली की मधली वाळू बुडायची आणि खडक किनाऱ्यापासून तुटायचे. त्या दिवशी भरती लागली होती.

तो तिथेच होता. सगळ्यात पलीकडच्या खडकावर, टोपीशिवाय. मधल्या वाळूवर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मी चपला हातात घेतल्या, साडी नव्हे, पँटच होती, ती वर दुमडली आणि पाण्यातून गेले. पाणी थंड होतं. मला पोहता येत नाही.

"वॉल्टर, चला. पाणी येतंय."

"माहीत आहे," तो म्हणाला. "वीस मिनिटं आहेत अजून. बैस."

त्याचा आवाज इतका सरळ होता की मी बसले.

"मघाशी मी बोलले ते चुकून बोलले," मी म्हटलं. "मला ऑगस्टमध्ये झटका आला होता. मला माणसं नीट ओळखू येत नाहीत."

"तुला चांगली ओळखू येतात." तो पाण्याकडे बघत होता. "डोरीन जुलैमध्ये गेली. ही तिची बहीण. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"काही दिवशी माहीत असतं. काही दिवशी नसतं. नसतं ते दिवस सोपे असतात."

"मग तुम्ही तिला डोरीन का म्हणता?"

एक लाट खडकाखाली शिरून परत गेली.

"पहिल्या वेळी तोंडातून गेलं. ती हं म्हणाली. त्यानंतर मी तिच्याकडे बघितलं, तर चेहरा कसा, ओझं उतरल्यासारखा. तोवर रोज सकाळी तिला मला सांगावं लागत होतं. तिचीसुद्धा बहीण गेली होतीच ना? माझ्यासमोर ती एकदाही रडलेली नाही. मी तिला तिच्या नावाने हाक मारली, की पुन्हा सांगणं आलं. आणि मग ती म्हणेल, तुला कळतंय तर माझं काय काम? गावात तिची एक खोली आहे. तिथे जाईल."

"तुम्ही तिला थांब म्हणू शकता."

"काय म्हणून थांब म्हणू?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे ओले नव्हते. "ती सूप फार चांगलं करते. डोरीनला कधीच जमलं नाही. गेले चार महिने मी ते पितोय आणि चांगलं झालंय असंही म्हणू शकत नाही. डोरीनच्या सुपाला मी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, मग आताच कौतुक कसलं? नुसता पितो."

पाणी आता पोटऱ्यांपर्यंत आलं असावं. मी उठले आणि हात पुढे केला. त्याने तो धरला.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "वचन दे."

मी दिलं. दोघं एकमेकांना धरून पाण्यातून आलो. गुडघ्यापर्यंत पाणी होतं, पायाखालची वाळू सरकत होती, कोण कोणाला सावरत होतं ते मला सांगता येणार नाही. किनाऱ्यावर हेझल धावत येताना दिसली. केस सुटलेले, एका पायात चप्पल नव्हती.

"डोरीन," वॉल्टर तिला म्हणाला, "कुठे गेली होतीस? मी तुला शोधत होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझी विनवणी करत होती की कोरी होती, मला कळलं नाही. दहा मिनिटांपूर्वी जो माझ्याशी बोलला तो त्या डोळ्यांत होता की नव्हता, हेही नाही. पण हेझल माझ्याकडे बघत होती, आणि काहीतरी बोलायला हवं होतं.

"माझी चूक झाली, डोरीन," मी तिला म्हटलं. "माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. मला माफ कर."

"काही हरकत नाही, कुमुद," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर स्वतःचा स्वेटर टाकून त्याला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी मांडवात आम्ही सगळे एकत्र जेवलो. मी तिला चारदा तरी डोरीन म्हटलं असेन. वॉल्टर माझ्याशी गव्हाच्या भावाबद्दल बोलला, मग टोपी शोधायला लागला. खडकांचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही, पुढेही कधी नाही. मार्चमध्ये आम्ही निघालो तेव्हा त्याने मला विचारलं की मी कोणाची बायको. मी बेलसऱ्यांनाही काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बेलसऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि गाडी विकली. नाताळला शुभेच्छापत्रं यायची, खाली सही 'वॉल्टर आणि डोरीन', दोन्ही नावं एकाच हस्ताक्षरात.

त्या खडकाच्या दिवसानंतर अडीच वर्षांनी, मे महिन्यात, हेझलचा फोन आला. वॉल्टर एप्रिलमध्ये गेला होता. शांतपणे गेला, शेवटपर्यंत डोरीनला हाका मारत होता, ती म्हणाली. मी जे बोलायचं ते बोलले. मग ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू खडकावर त्याच्याजवळ बराच वेळ बसली होतीस. मी लांबून बघितलं होतं. तो काय बोलत होता?"

वचन दिलं होतं, पण ज्याला दिलं तो आता नव्हता. आणि जी विचारत होती ती सत्त्याहत्तर वर्षांची होती, एका रिकाम्या शेतघरात फोन धरून उभी होती. मी सांगितलं. जुलैचं, पहिल्या हाकेचं, तिच्या खोलीचं, सुपाचं. जसं आठवत होतं तसं सगळं.



"म्हणजे त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

"काही दिवशी."

"तीन वर्षं होत आली, कुमुद. डॉक्टरकडे, दुकानात, चर्चमध्ये, तो बरोबर असला की सगळे मला डोरीन म्हणायचे. तो झोपला की मी स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून बघायची. मला कळलं असतं, तर एखाद्या चांगल्या दिवशी मी त्याला एवढंच म्हटलं असतं, की एकदा माझ्या नावाने हाक मार." ती थांबली. "तू मला सांगायला हवं होतंस."



मग तिने विचारलं, "बोलताना त्याने माझं नाव घेतलं का?"

मी डोळे मिटले आणि तो खडक आठवला, ती लाट, त्याचा तो सरळ आवाज. 'तिची बहीण' म्हणाला होता. 'ती' म्हणाला होता. तिचं नाव.

"हो," मी म्हटलं. "हेझल म्हणाला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली असावी.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."

मी पुन्हा सांगायला लागले. या वेळी जिथे जिथे तो 'ती' म्हणाला होता, तिथे मी हेझल म्हणत गेले.